बाबांना तिसरं औषध मिळावं म्हणून ओळख काढू का?

प्रिय डॉक्टरमावशी,

माझ्या बाबांना (वय ६१) रेक्टमचा, म्हणजे गुदाशयाचा, कॅन्सर निघाला. आधी पाच आठवडे शेक (रेडिएशन) आणि सोबत कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या झाल्या, मग ऑपरेशन, तेव्हापासून पोटावर शौचाची पिशवी आहे. ऑपरेशनला आता पाच आठवडे झालेत. रिपोर्टमध्ये आजूबाजूच्या १४ लसिका गाठींपैकी २ गाठींमध्ये कॅन्सर सापडला, म्हणून केमो द्यायची आहे. डॉक्टर म्हणाले, एक ट्रायल सुरू आहे. एका गटाला नेहमीची दोन औषधांची केमो, दुसऱ्या गटाला तीच केमो आणि सोबत आणखी एक नवं औषध. कोण कोणत्या गटात जाणार ते कॉम्प्युटर ठरवणार. आई म्हणते, त्यांच्यावर प्रयोग नकोत. दादा म्हणतो, जास्त औषध मिळत असेल तर सोडायचं कशाला, ओळख काढून बाबांना तीन औषधांच्याच गटात घालतो. बाबांना आम्ही 'अजून थोडी इंजेक्शनं आहेत' एवढंच सांगितलंय. ते शिलाईकाम करतात, मशीनवर कधी बसायला मिळेल एवढंच विचारत असतात. चार दिवसांत उत्तर द्यायचं आहे. काय करू? आणि मला अहोजाहो करू नका.

— बाबांची धाकटी

प्रिय धाकटे,

आधी दादाला थांबव. ओळख काढून काही होणार नाही, आणि झालं असतं तर ते आणखी वाईट. अशा ट्रायलमध्ये पेशंटचं नाव नोंदवल्यावरच गट कळतो. तो नोंदवणाऱ्या डॉक्टरलाही आधी कळू नये अशी मुद्दाम सोय केलेली असते. डॉक्टर झाला तरी माणूसच. गट आधी कळला तर धडधाकट पेशंट नकळत एकीकडे जातात, थकलेले दुसरीकडे. मग शेवटी औषधाने गुण आला की माणसंच मुळात दणकट होती, हे कुणालाही सांगता येत नाही. 'बघतो, करून देतो' असं दादाला कुणी म्हटलं असेल, तर त्या माणसापासून चार हात लांब राहा.

दादाची तडफड मला कळते. बापासाठी मुलगा आणखी काय करणार? मी केमोच्या वॉर्डात नवी होते तेव्हा मलाही वाटायचं, हाताशी आहे ते सगळं देऊन टाकावं, काही मागे ठेवू नये. हा विचार डोक्यातून जायला मला बरीच वर्षं लागली. तो ज्या गोष्टींमुळे गेला त्या नेमक्या बाबांच्याच आजारातल्या आहेत, म्हणून तुला सांगते. दादालाही वाचून दाखव.

एके काळी रेक्टमच्या कॅन्सरला ऑपरेशन एवढाच उपचार होता. ऑपरेशन चांगलं व्हायचं, माणूस घरी जायचा आणि बरेचदा वर्ष-दोन वर्षांत आजार परत यायचा. अमेरिकेत २२७ पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले. एका गटाला ऑपरेशननंतर काहीच दिलं नाही, दुसऱ्याला फक्त केमो दिली, तिसऱ्याला फक्त शेक, चौथ्याला दोन्ही. १९८५ मध्ये निकाल छापून आला. काहीच न मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांचा आजार परतला होता, दोन्ही मिळालेल्यांपैकी ३३ टक्के लोकांचा. ऑपरेशनला शेक आणि केमोची जोड द्यायची हे जगभर रुजलं ते अशा ट्रायलमुळे. बाबांना जे पाच आठवडे शेक मिळाले, त्यांची मुळं तिथे आहेत.

आता पुढचं नीट वाच. त्या जिंकलेल्या गटाच्या केमोत दोन औषधं होती. एक फाइव्ह-एफयू. बाबांनी घेतलेल्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांचं शरीरात गेल्यावर हेच औषध बनतं. दुसरं होतं सेमुस्टिन. गट जिंकला म्हणजे दोन्ही औषधं गुणाची, असं सगळे धरून चालले. पण सेमुस्टिन घेतलेल्या काही लोकांना पुढे रक्ताचा कॅन्सर झाला, काहींची मूत्रपिंडं खराब झाली. म्हणून नंतरच्या ६६० पेशंटच्या एका ट्रायलमध्ये काहींच्या उपचारांतून सेमुस्टिन काढून टाकलं आणि काय होतं ते पाहिलं. १९९४ मध्ये उत्तर आलं, ते न घेतलेल्यांचं काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं. इतकी वर्षं ते औषध दुसऱ्याच्या पुण्याईवर चाललं होतं. चिठ्ठ्या टाकून तपासलं नसतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, आणि आजही कुठल्या तरी पेशंटच्या मुलाने ते मिळवण्यासाठी ओळख काढली असती.

त्याच सुमाराला लेव्हॅमिसोल या औषधाचं मोठं नाव झालं. मूळचं ते जंतावरचं, मेंढ्यांनासुद्धा देतात. रोगप्रतिकारशक्तीला चालना मिळते या समजुतीने ते कॅन्सरमध्ये आलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर फाइव्ह-एफयूसोबत दिल्यावर निकाल खरोखरच चांगले आले. दुसरीकडे ल्युकोव्होरिन होतं. ते स्वतः कॅन्सरच्या पेशी मारत नाही, पण फाइव्ह-एफयूची पकड घट्ट करतं. मग रेक्टमच्या डॉक्टरांनी दादासारखाच प्रश्न विचारला, एक चांगलं, दोन अधिक चांगली, तर तिन्ही एकत्र दिली तर? सुमारे १,७०० पेशंट घेतले, सगळ्यांना ऑपरेशननंतर शेक आणि केमो. चार गट. एकाला नुसतं फाइव्ह-एफयू, एकाला ल्युकोव्होरिनची जोड, एकाला लेव्हॅमिसोलची, एकाला दोन्हींची. कित्येक वर्षं या लोकांचा पाठपुरावा केला. चारही गटांत जगण्यात फरक नाही. तीन औषधांच्या गटात त्रास मात्र जास्त.

त्या गटात नाव निघालं म्हणून किती घरांनी सुटकेचा श्वास टाकला असेल याचा मी नेहमी विचार करते.

पण यावरून 'नवं औषध म्हणजे थोतांड' असा अर्थ काढू नकोस, तोही तितकाच चुकीचा. ऑक्सॅलिप्लॅटिनचं उदाहरण घे. तुझ्या पत्रात बाबांच्या 'नेहमीच्या केमो'ची नावं नाहीत, पण गाठींमध्ये आजार सापडला आहे त्याअर्थी बहुधा हेच असेल, सोबत फाइव्ह-एफयू आणि ल्युकोव्होरिन, नाहीतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. हे प्लॅटिनमपासून बनवलेलं औषध आधी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सिद्ध झालं. रेक्टमलाही चालेल असं धरून बरेच जण देऊ लागले. मग दक्षिण कोरियात आधी शेक आणि मग ऑपरेशन झालेले ३२१ पेशंट घेऊन, म्हणजे थेट बाबांसारख्या लोकांवर, ते तपासलं. तीन वर्षांनी आजार न परतता जगणारे जुन्या केमोत ६२.९ टक्के होते, ऑक्सॅलिप्लॅटिन घातल्यावर ७१.६ टक्के. इथे जोडलेलं औषध खरंच उपयोगी पडलं.

आणि मग बेव्हॅसिझुमॅब. कॅन्सरच्या गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्या हे औषध रोखतं. आजार यकृतात, फुप्फुसात पसरलेल्या लोकांमध्ये त्याचा उपयोग झाला, तेव्हा सगळ्यांना वाटलं की ऑपरेशननंतर दिलं तर आजार परतूच देणार नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हजारो पेशंटवर तपासलं, फायदा झाला नाही. ऑपरेशननंतर अंगात मोठी गाठ उरलेलीच नसते, राहिल्या तर चुकार पेशी राहतात. कदाचित म्हणूनच तिथे या औषधाला काही करायला वाव मिळाला नसावा. रेक्टमसाठी अमेरिकेत ऑपरेशननंतर नेहमीची केमो विरुद्ध तीच केमो अधिक बेव्हॅसिझुमॅब अशी ट्रायल काढली होती. २,१०० पेशंट हवे होते, ३५५ मिळाल्यावर बंद करावी लागली, कारण पुरेसे लोक येईनात. त्या ३५५ जणांनी आपला वेळ आणि शरीर दिलं आणि प्रश्न मात्र अर्धवट राहिला. याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा दादाला सांग, बाबांना सुचवलेलं तिसरं औषध ऑक्सॅलिप्लॅटिनच्या वाटेने जाईल की सेमुस्टिनच्या, हे आज कुणालाच माहीत नाही. माहीत असतं तर डॉक्टरांनी कॉम्प्युटरला विचारलंच नसतं, सरळ सगळ्यांना दिलं असतं किंवा कुणालाच दिलं नसतं.

आता आईचं म्हणणं. 'प्रयोग' या शब्दाने तिच्या पोटात गोळा येतो हे साहजिक आहे. तिला पहिली गोष्ट ही सांग, की अशा ट्रायलमध्ये कुणालाही उपचारांवाचून ठेवत नाहीत. बाबा नेहमीच्या गटात गेले तर ट्रायलबाहेर जी केमो मिळाली असती तीच मिळेल. नवं औषध तिसऱ्या टप्प्यात असेल तर त्याआधी त्याचा डोस किती, त्रास काय, हे कमी लोकांवर पाहिलेलं असतं. ट्रायलच्या नियमांना नैतिक समितीची मंजुरी लागते, आणि मोठ्या ट्रायलमध्ये आकडे वेळोवेळी तपासणारी स्वतंत्र मंडळी असतात. एका गटाचं नुकसान होताना दिसलं तर ती मंडळी ट्रायल मध्येच थांबवू शकतात. शिवाय बाबा कुठल्याही दिवशी 'आता पुरे' म्हणून बाहेर पडू शकतात, कारणही द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे त्यांचे उपचार थांबत नाहीत.

हे सगळं खरं असलं तरी आईची भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. तीन औषधांच्या गटात गेले तर त्रास वाढण्याची शक्यता असते. काही त्रास असे असतात की त्यांची अजून कुणालाच कल्पना नाही. हॉस्पिटलच्या फेऱ्या वाढतात, रक्त जास्त वेळा काढतात, स्कॅन ठरल्या तारखेलाच करावे लागतात. ट्रायलमध्ये जाण्याच्या फायद्याचा मोठा वाटा पुढच्यांच्या पदरात पडतो, जसा १९८५ च्या त्या २२७ जणांचा वाटा बाबांच्या पदरात पडला. हे ऐकून कुणाला उभारी येते, कुणाला वाटतं की आत्ता माझंच मला पुरेसं आहे. दोन्ही बरोबर.

आणखी एक गोष्ट, जी डॉक्टर घाईत सांगायची राहून जातात. आधी शेक, मग ऑपरेशन झालेल्यांना नंतर केमो देऊन किती फायदा होतो, याबद्दल डॉक्टरांमध्येच एकमत नाही. युरोपात १,०११ पेशंटची एक मोठी ट्रायल झाली. दहा वर्षांनी पाहिलं तर नंतरची फाइव्ह-एफयू आणि ल्युकोव्होरिनची केमो द्यायची ठरलेले आणि न ठरलेले यांच्या जगण्यात फरक नव्हता. पण त्यात ठरलेली केमो पूर्ण घेऊ शकलेले लोक निम्म्याहून कमी होते. ऑपरेशनने शरीर इतकं खचलेलं असतं. याच कारणाने हल्ली बऱ्याच पेशंटना केमोसुद्धा ऑपरेशनच्या आधीच देतात. शेक आधी देण्याची पद्धतही अशीच आली. जर्मनीत ८२३ पेशंटवर तपासलं, तेव्हा शेक आणि केमो आधी दिल्यावर त्याच जागी आजार परतण्याचं प्रमाण पाच वर्षांत ६ टक्के निघालं, नंतर दिल्यावर १३ टक्के. म्हणून बाबांना आधी शेक मिळाले.

हे वाचून केमोच नको असं ठरवू नका. बाबांच्या दोन गाठींमध्ये आजार होता, आणि अशांना केमो सुचवणं रास्त आहे. फक्त डॉक्टरांना सरळ विचारा, 'आमच्या बाबांसारख्या शंभर जणांना ही केमो दिली तर किती जणांचा जास्तीचा फायदा होईल?' चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

आता ज्यासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला बसले, त्याकडे येते. तुझ्या पत्रात आईचं मत आहे, दादाचं आहे, तुझी काळजी आहे, डॉक्टरांचं म्हणणं आहे. बाबांचं एकच वाक्य आहे, मशीनवर कधी बसायला मिळेल. आणि त्यांना अजून कुणी काही सांगितलेलंच नाही.

धाकटे, बाबा शिंपी आहेत आणि त्यांना बहुधा ऑक्सॅलिप्लॅटिन मिळणार आहे. ते दोन औषधांच्या गटात गेले तरी मिळेल, ट्रायल नाकारली तरीही मिळेल. या औषधाचा ठरलेला त्रास हातापायांच्या नसांना होतो. सुरुवातीच्या सायकलमध्ये, म्हणजे केमोच्या फेऱ्यांमध्ये, सलाईननंतर काही दिवस गार वस्तूला हात लागला की बोटांत झटका बसल्यासारखं होतं, गार पाणी प्यायल्यावर घसा आवळल्यासारखा वाटतो. मशीनचं चाक आणि कात्रीची कडी ही गार लोखंडाचीच. त्या दिवसांत त्यांना हातमोजे घालू दे. हा त्रास जातो. पण औषध अंगात साठत गेलं की बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि त्या टिकू लागतात, मग बधिरपणा येतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे औषध तपासलं तेव्हा उपचार चालू असताना सुमारे १२ टक्के लोकांना तीव्र त्रास झाला होता. वर्षभराने तो साधारण १ टक्क्यापर्यंत उतरला. मात्र चार वर्षांनीही साधारण १५ टक्के लोकांना थोडीफार बधिरता राहिली होती, बहुतेकांना सौम्य. औषध बंद केल्यानंतरही एक-दोन महिने ती वाढत जाऊ शकते, म्हणून 'फारच झालं तर थांबवू' असं म्हणून शेवटपर्यंत ताणणं बरं नाही.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. प्रत्येक सायकलला कडक इस्त्रीचा शर्ट, वरच्या बटणापर्यंत लावलेला. सहाव्या सायकलला ते गोल गळ्याच्या टी-शर्टमध्ये आले. सातव्यालाही. आमच्या नर्सने सलाईन लावता लावता सहज विचारलं, आज शर्ट नाही? तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि हळूच म्हणाले, बटणं लागत नाहीत हो. तीन सायकलपासून लागत नव्हती. दर वेळी मी विचारायचे, हाताला मुंग्या आहेत का, आणि ते दर वेळी 'थोड्याशा' म्हणायचे. सांगितलं तर औषध कमी करतील आणि आजार परतेल, ही भीती. त्या दिवशी आम्ही ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवलं आणि बाकीचं औषध चालू ठेवलं. तसं करता येतं, बरेचदा करतो. ते त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मीच सांगितलं नव्हतं.

सौम्य बधिरता एखाद्याला जाणवतही नाही. सुईत दोरा ओवून ज्याचं आयुष्य गेलं त्याच्यासाठी तीच सौम्य बधिरता सौम्य नाही. नवं औषध नसांवर आणखी भार टाकतं का, हा प्रश्न म्हणूनच बाबांसाठी सगळ्यांत मोठा आहे, आणि तो दादा, आई किंवा तू त्यांच्या वतीने सोडवू शकत नाही. कदाचित ते म्हणतील, बोटं गेली तरी चालतील, मला जगायचंय. कदाचित म्हणतील, मशीन सुटलं तर जगून करू काय. बापाच्या मनातलं आपल्याला ठाऊक आहे असं प्रत्येक मुलाला वाटतं. मी इतकी वर्षं पाहतेय, आमचे अंदाज बरेचदा चुकतात.

माझी एक चूक सांगते. एका आजोबांच्या ट्रायलबद्दल मी सगळं त्यांच्या मुलाशी बोलले. मुलगा शिकलेला, प्रश्न नेमके विचारणारा, आणि आजोबा शेजारी बसून मान डोलवत होते. संमतीपत्रावर सही आजोबांनीच केली. दोन सायकल झाल्या आणि ते यायचे बंद झाले. महिन्याभराने भेटले तेव्हा मी विचारलं, नको होतं तर सांगितलं का नाही? म्हणाले, 'मला कुणी विचारलंच नव्हतं. मग नको हे कुणाला सांगणार?' तेव्हापासून मी खुर्ची पेशंटच्या समोर ओढून बसते आणि नातेवाइकांना बाजूला बसवते.

तेव्हा आज रात्रीच बाबांजवळ बस. 'थोडी इंजेक्शनं' हे तसंही दोन दिवसांवर टिकणार नाही. संमतीपत्रावर पेशंटची सही लागते, आणि ते नीट समजावून सांगितल्याशिवाय ती सही घेता येत नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या जागी मुलाची सही चालत नाही. एका दमात सगळं सांगू नकोस. दोन गाठींमध्ये आजार सापडला होता हे सांग. तो कुठे उरला असेल तर त्यासाठी केमो आहे हे सांग. मग थांब, त्यांना विचारू दे. पिशवी पोटावर घेऊन जो माणूस पाच आठवडे काढतो, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. ट्रायलची गोष्ट शेवटी काढ, आणि चिठ्ठी का टाकतात ते सेमुस्टिनच्या उदाहरणाने सांग. संमतीपत्र घरी आणायला मिळतं, ते आणा. भाषा समजत नसेल तर समजणाऱ्या भाषेतलं मागा. त्यांच्या हातात पेन्सिल दे आणि जिथे अडेल तिथे खूण करायला सांग.

मग डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्या खुणांवरूनच बोला. त्यात नसलं तर एवढं मात्र तू विचार: नवं औषध रेक्टमच्या पेशंटवर आधी दिलंय का, की फक्त पसरलेल्या आजारात? नसांवर त्याचा काय परिणाम? दोन्ही गटांत ऑक्सॅलिप्लॅटिन आहे का, आणि त्रास वाढला तर ते एकटं थांबवता येईल का? नव्या औषधामुळे काही झालं तर त्याचे उपचार कोण करणार? रात्री-अपरात्री फोन कोण उचलणार? आणि डीपीडीची तपासणी झालीय का. काही लोकांच्या शरीरात फाइव्ह-एफयू मोडणारं हे द्रव्य जन्मतःच कमी असतं, त्यांना नेहमीचा डोससुद्धा जिवावर बेतू शकतो. बाबांना आधी कॅपेसिटाबिन झेपलंय हे चांगलं लक्षण, तरी विचारायला हरकत नाही.

चार दिवस म्हणजे डॉक्टर घाई करतायत असं मला वाटत नाही. ऑपरेशननंतरची केमो जखम भरली की साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी असा प्रयत्न असतो. उशीर झाला तर फायदा घटतो. घरातला वाद लांबला आणि त्यात महिना गेला, तर कुठल्याही गटातली केमो तेवढी कमजोर झाली असं समजा.

बाबा नाही म्हणाले तर विषय तिथेच संपवा. आडून आडून पुन्हा काढू नका, आणि दादाने तोंड पाडून बसू नये. त्यांना नेहमीची केमो मिळेल, आणि ती भल्याभल्या ट्रायलमधून तावून सुलाखून निघालेली आहे. हो म्हणाले आणि कॉम्प्युटरने दोन औषधांचा गट दिला, तर 'नशीबच फुटकं' हे शब्द त्यांच्या कानावर पडू देऊ नका. त्या १,७०० जणांतही अशी घरं असणार. त्यांचं काही हुकलं नव्हतं.

केमो सुरू झाली की, गोळ्या नसतील तर, फाइव्ह-एफयूचा एक छोटा पंप कमरेला लावून घरी पाठवतील, बाळाच्या दुधाच्या बाटलीएवढा, आत फुगा असलेला. दोन दिवसांत फुगा आकसत जातो. तो आकसतोय ना, एवढं तू दिवसातून दोनदा बघ. ताप १०० डिग्री फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असल्या तर साधा ताप साधा राहत नाही. पिशवी नेहमीपेक्षा पातळ आणि वारंवार भरायला लागली तरी फोन करा.

आणि गट कुठलाही असो, दर सायकलच्या आदल्या संध्याकाळी बाबांना सुईत दोरा ओवायला सांग, आणि शेजारी बसून बघ. त्यांना 'मुंग्या आहेत का' असं विचारू नकोस, ते 'थोड्याशा' म्हणतील. आधीच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला, तर दुसऱ्या दिवशी सलाईन लावायच्या आधी ते डॉक्टरांना सांग.

— तुझी डॉक्टरमावशी